भयकथेतला ‘मी’ खोटं बोलत असेल तर ती वाचकाची फसवणूक ठरते का?

तुम्ही विचारलंय की गॉथिक वळणाची, म्हणजे जुन्या वास्तूत आणि तिच्या गुपितांत घडणारी भयकथा लिहायची तर निवेदन प्रथमपुरुषी ठेवावं की तृतीयपुरुषी, त्यात कोणती साहित्यिक तंत्रं वापरावीत, आणि गोष्ट सांगणारा ‘मी’च खोटा निघाला तर वाचक फसवला जातो का. पहिल्या दोन प्रश्नांवर भरपूर लिहिलं गेलंय. मला तिसऱ्यावर बोलायचंय, कारण त्यावरून माझा इथे नाशकातच कथास्पर्धेच्या एका परीक्षकांशी वाद झालाय आणि माझ्या बाजूने तो अजून मिटलेला नाही.

माझं उत्तर: फसवणूक होत नाही. अट एकच. निवेदकाने जे डोळ्यांनी पाहिलं आणि हातांनी केलं ते वाचकापासून लपवायचं नाही. त्याचा अर्थ त्याने खुशाल हवा तितका चुकीचा लावावा.

अमेरिकन लेखक एडगर ॲलन पोची 1843 ची ‘द टेल-टेल हार्ट’ घ्या. निवेदक पहिल्या ओळीपासून बजावतो की मी वेडा नाही, बघा किती शांतपणे सांगतोय. मग सांगतो की मध्यरात्री म्हाताऱ्याच्या खोलीचं दार इतकं हळू उघडायचो की नुसतं डोकं आत घालायला तासभर लागायचा. त्याच्या मते हा शहाणपणाचा पुरावा. आपल्याला नेमकी इथेच धडकी भरते. पण त्याने लपवलं काय? काहीच नाही. खून, प्रेताचे तुकडे, ते जमिनीच्या फळ्यांखाली लपवणं, सगळं तो स्वतःच्या तोंडाने सांगतो. पोच्याच ‘द फॉल ऑफ द हाउस ऑफ अशर’मध्ये (1839) तर निवेदक चांगला समजूतदार माणूस आहे. मित्राची बहीण गेली म्हणून तिला तळघरात ठेवताना तिच्या गालावरची लाली आणि ओठांवरचं हसू त्याला दिसतं, तो आपल्याला सांगतोही, आजारामुळे असं होतं म्हणतो आणि दोघे मिळून शवपेटीचं झाकण घट्ट बसवतात. दिसलं ते सांगितलं, अर्थ चुकला. भयकथेचं सगळं बळ या फटीत आहे.

आता माझी गोष्ट. नाशकात एका मंडळाच्या कथास्पर्धेला मी एक कथा पाठवली होती. जुन्या नाशकातला वाडा, माडीवर म्हाताऱ्या काकू, खाली त्यांचा पुतण्या. तोच ‘मी’. काकूंची सेवा आपण किती मनापासून करतो एवढंच तो कथाभर सांगत असतो. नळाला पाणी येण्याआधी उठतो, पूजा करतो, ताट वाढून वर नेतो. नातेवाईक वाटणीचं बोलायला आले की काकू झोपल्यात सांगून त्यांना ओसरीवरूनच परत पाठवतो. ज्यांनी वाड्यात दिवस काढलेत त्यांना ठाऊक असेल, वर कोणी चाललं की कडीपाटातून, म्हणजे लाकडी छतातून, खाली माती झडते. अंथरुणावर, भांड्यांत, सगळीकडे. तर हा पुतण्या मध्येच एका वाक्यात म्हणतो की हल्ली वरून माती पडत नाही, केर काढायला बरं जातं. आणि लगेच गंगेच्या (नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात) पुराकडे वळतो, नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठपर्यंत पाणी आलंय ते सांगायला लागतो.

पारितोषिक वितरणानंतर परीक्षक माझ्याशी बोलले. त्यांचं म्हणणं, पुतण्या एवढा चांगला आहे मग भीती कुठे? शेवटी दार उघडून आत काय आहे ते दाखवा, शेजारी येऊ द्या, पोलीस येऊ द्या. मी म्हटलं, सर, तो खरं बोलत नाहीये. त्यावर ते म्हणाले की मग ते लेखिकेने कुठेतरी सांगायला हवं, नाहीतर वाचकाची फसवणूक होते, आणि ‘मी’ने सांगितलेल्या कथेत वाचकाचा ‘मी’वर विश्वास बसला नाही तर कथा फसली. अविश्वसनीय निवेदक ही संज्ञा वेन बूथ या अमेरिकन समीक्षकाने 1961 मध्येच रूढ केली, आणि तिच्याशिवायच पो त्याच्या कितीतरी आधी हे करून बसला होता, हे मी सांगायला लागले तेव्हा ते दुसऱ्या स्पर्धकाकडे वळले होते.

मला राग बक्षिसाचा नव्हता. वाचकाला इतकं कमी लेखण्याचा होता. घरी येऊन मी तीच कथा आईला वाचून दाखवली. आई भयकथा वाचत नाही, तिला हा प्रकार आवडतच नाही. भाजी निवडता निवडता ऐकत होती. मातीच्या वाक्याला तिचा हात थांबला. कथा संपल्यावर तिने विचारलं, ‘‘तो ताट वर नेतो गं रोज. खाली कधी आणतो?’’

बस. मला हवी होती ती कथा आईपर्यंत पोचली होती. दार न उघडता.

तंत्रांबद्दल विचारलंत म्हणून सांगते, वातावरणनिर्मितीच्या नादी फार लागू नका. वाडा, पाऊस, वटवाघूळ, वीज गेलेली. आमच्या वाड्यात चार बिऱ्हाडं होती, पावसाळ्यात छप्पर गळायचं, दिवे जायचे, आणि आम्हा मुलांना कधी भीती वाटली नाही. वास्तू भयाण होते ती सांगणाऱ्याच्या नजरेने. शार्लट पर्किन्स गिलमनच्या ‘द यलो वॉलपेपर’मधली (1892) बाई ज्या खोलीत राहते तिच्या खिडक्यांना गज आहेत, भिंतीत कड्या आहेत. ती म्हणते, इथे पूर्वी मुलं खेळत असतील. गज आणि कड्या तिने दाखवल्या, अर्थ आपण लावला. पूर्वसूचनाही अशीच पेरावी. अशरच्या वाड्याची बारीक चीर निवेदकाला अगदी सुरुवातीलाच दिसते, तो तिच्यावर थांबत नाही, आणि शेवटी वास्तू तिथूनच दुभंगते. तुमच्या कथेतली अशी वस्तू निवेदकाच्या रोजच्या तक्रारीत किंवा कौतुकात दडवा. वेगळं वाक्य करून, पुढे टिंबं देऊन ठेवलीत तर ती लगेच उघडी पडते. उद्गारचिन्हांचंही तेच.

आणखी एक, ज्याकडे लिहिणारे सहसा बघत नाहीत. ‘मी’ हे कोणाला सांगतोय? पोच्या ‘द कास्क ऑफ अमोन्तियाडो’मध्ये (1846) माँट्रेसॉर पन्नास वर्षांपूर्वी केलेला खून सांगतो आणि समोरच्याला म्हणतो, तुम्ही तर माझा स्वभाव ओळखता. समोर कोण? शेवटपर्यंत कळत नाही. ज्या अपमानाचा सूड घेतला तो अपमान कोणता, तेही कळत नाही. सूड मात्र बारकाव्यांसकट कळतो. माझा पुतण्या वाटणी मागणाऱ्या नातेवाइकांना उद्देशून बोलतो, म्हणून सेवेचा पाढा वाचणं त्याला भाग आहे. ऐकणारा ठरला की खोटं आपोआप ठरतं.

हे सगळं छोट्या कथेपुरतं. कादंबरीभर एकच खोटा आवाज टिकवणं फार अवघड. आणि तृतीयपुरुषी निवेदनात भय जमत नाही असंही नाही. डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्सची ‘द मंकीज पॉ’ (1902) ही तीन वर देणाऱ्या माकडाच्या पंजाची गोष्ट तृतीयपुरुषी आहे आणि तिथेही दारावर थाप पडते, दाराबाहेर कोण होतं ते लेखक दाखवत नाही. मेलेला मुलगा परत आला असं समजून आई कडी काढायला धडपडते, बाप तिसरा वर मागतो, दार उघडतं तेव्हा रस्ता रिकामा. आपले भयकथाकार नारायण धारप, रत्नाकर मतकरी तुम्ही वाचलेच असतील, त्यांच्याकडे दोन्ही तऱ्हेची निवेदनं सापडतील. तेव्हा निवेदन प्रथमपुरुषी घ्या की तृतीयपुरुषी, दोन्ही चालेल.

पण कथा स्पर्धेला पाठवणार असाल आणि कोणी शेवट उघड करायला सांगितलं, तर आधी भयकथा न वाचणाऱ्या एखाद्या माणसाला ती मोठ्याने वाचून दाखवा. त्याने बरोबर जागी प्रश्न विचारला तर कथेला हात लावू नका. नुसतंच ‘पुढे काय झालं’ विचारलं, तर खुणा कमी पडल्यात, त्या वाढवा, शेवट तरीही तसाच ठेवा. माझी कथा पुढे एका दिवाळी अंकाने मागितली तेव्हा संपादकांनीही दाराचं विचारलं. मी आईचा प्रश्न त्यांना सांगितला. कथा आहे तशीच छापून आली.