कॉम्बिफ्लॅम घेऊन दोन तास झाले तरी ताप आहेच, वरून डोलो ६५० घेतली तर चालेल का?

नाही, इतक्यात नको, कारण कॉम्बिफ्लॅममध्ये आयबुप्रोफेन ४०० मिग्रॅ.सोबत पॅरासिटामॉल ३२५ आधीच असतं आणि डोलो म्हणजे नुसतं पॅरासिटामॉलच, म्हणजे नावं दोन पण औषध तेच डबल जातं. सहा तास जाऊ द्या. मोठ्या माणसाला दिवसभरात सगळं मिळून ४ ग्रॅमच्या वर पॅरासिटामॉल गेलं की लिव्हरवर येतं, आणि त्यात सर्दीसाठी घेतलेली सिनारेस्टपण धरा, तिच्यातही तेच असतं (मेडिकलच्या काउंटरवर हे रोज सांगतो, स्ट्रिपची मागची बारीक अक्षरं कोणी वाचतच नाही). फक्त डेंग्यूची शंका, अल्सर किंवा किडनीचा त्रास असेल तर आयबुप्रोफेनवालं काहीच नको, आधी डॉक्टरांना विचारा.