‘अवजड क्रेन’ म्हणजे नक्की काय अवजड?

प्रश्न असा आला आहे : बंदरातल्या यंत्रांच्या एका माहितीपत्रकाचा अनुवाद करताना ‘माल हाताळणीसाठी गोदीतील बहुउपयोगी अवजड क्रेन’ असे लिहिले, पण ते कानाला खटकते. ‘क्रेन’ऐवजी ‘यारी’ लिहावे का? शिवाय एका स्नेह्यांनी ‘क्रौंचयंत्र’ सुचवले आहे, ते चालेल का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो लवकर निकालात निघतो. क्रौंचयंत्र नको. इंग्रजीत पक्ष्याचे आणि यंत्राचे नाव एकच आहे हे खरे, आणि ती खोड थेट ग्रीकांपासूनची. त्यांचा ‘गेरानोस’ पक्षीही होता आणि ओझी उचलणारे यंत्रही. फ्रेंचांचा ‘ग्रू’ तसाच. लांब मान पुढे काढलेला पक्षी त्यांना यंत्रात दिसला, आपल्याला दिसला नाही. आता मुद्दाम दाखवायला जावे, तर क्रौंच म्हटल्यावर मराठी माणसाला वाल्मीकी आठवणार, बंदर नव्हे.

‘यारी’ची गोष्ट वेगळी. तो मराठीत रुजलेला पारिभाषिक शब्द आहे आणि विश्वकोशानेही तोच स्वीकारला आहे. यारी, याऱ्या, यारीने असा सरळ चालतो. (दोस्तीच्या यारीशी नाते जोडून छानशी गोष्ट रचायचा मोह होतो. तो आवरावा.) अडचण एवढीच, की धक्क्यावर उभे राहून ‘यारी आणा’ म्हटले तर कोणी वळून पाहणार नाही. तिथे क्रेनच. आणि हा शब्द आता पाहुणा राहिलेला नाही. त्याला मराठीने लिंग दिले : ‘ती क्रेन आली’, ‘क्रेनने उचलले’, ‘दोन क्रेन लावल्या’. त्यामुळे ‘क्रेन्स’ हे इंग्रजी अनेकवचन ओढून आणू नये. माझे मत : पाठ्यपुस्तक किंवा कोशातली नोंद लिहायची असेल तर यारी, आणि माहितीपत्रक ज्यांच्या हातात पडणार आहे त्यांच्यासाठी क्रेन. एकाच मजकुरात दोन्ही मात्र नकोत. वाचणाऱ्याला ती दोन यंत्रे वाटतात.

आता खरा घोळ : ‘अवजड’. अवजड वाहन म्हणजे स्वतः जड असलेले वाहन. त्याच न्यायाने अवजड क्रेन म्हणजे जिचे वजन खूप, ती. आणि ते खोटेही नाही! धक्क्यावर रबरी चाकांवर फिरणारी शंभर टनी क्रेन स्वतः काही शे टनांची असते. पण माहितीपत्रकाला ती किती जड आहे हे सांगायचे नाही, ती किती जड उचलते हे सांगायचे आहे. मराठीत त्यासाठी ‘टनी’ हा नेटका प्रत्यय तयारच आहे. ‘१०० टनी क्रेन’ म्हटले की ती स्वतः १०० टनांची आहे असा अर्थ कोणी घेत नाही. ‘अवजड’ला मग जागाच उरत नाही.

फक्त त्या आकड्याबरोबर किती मीटरवर, हेही लिहा. क्रेनचा पुढचा लांब हात, म्हणजे बूम, जितका दूर पसरावा तितकी तिची उचलण्याची ताकद घटते, कारण दूरच्या ओझ्याने ती पुढे कलंडू पाहते. १०० टन हा बहुधा जवळच्या पल्ल्याचा आकडा असतो. रुंद जहाजाच्या पलीकडच्या कडेवरचा माल काढायचा असेल, तर त्याहून कितीतरी कमी उचलता येते. भाषेच्या चर्चेत हे कशाला, असे वाटेल. पण विशेषण गाळून आकडा ठेवायचा, तर तो अर्धा ठेवून कसे चालेल?

‘बहुउपयोगी’वरही माझा राग आहे. तो शब्द खिशातल्या चाकूलाही लागतो. इथे त्याचा अर्थ अगदी ठोस आहे. न्हावा-शेव्याचे बंदर १९८९ साली सुरू झाले आणि पुढे कंटेनरसाठीच नावारूपाला आले. तिथे पाण्याच्या कडेने रुळांवर सरकणाऱ्या उंच क्रेन दिसतात, त्या जन्मभर कंटेनरच उचलतात. माहितीपत्रकातली क्रेन तशी नाही. ती चाकांवरून हव्या त्या धक्क्यावर जाते, बाजूचे पाय पसरून त्यांवर स्वतःला तोलते आणि जागच्या जागी गरागरा फिरू शकते. दोराच्या टोकाला हूक लावला की पोलादाची गुंडाळी किंवा भलेमोठे यंत्र, ग्रॅबचा जबडा लावला की कोळसा नाहीतर खत, कंटेनर वरून पकडणारी चौकट, म्हणजे स्प्रेडर, लावला की कंटेनर. टोक बदलले की काम बदलले. हे सगळे ‘बहुउपयोगी’ या एका गुळगुळीत शब्दाखाली का झाकायचे? सरळ लिहून टाका.

‘गोदी’ आणि ‘हाताळणी’ यांचेही थोडक्यात. गोदी म्हणजे जहाज आत घेण्याची बांधीव जागा. जहाज ज्याला लागते आणि क्रेन ज्यावर उभी राहते, तो धक्का. भाऊच्या धक्क्याने हा शब्द मुंबईकरांच्या तोंडी पक्का केला आहे, तो वाया घालवू नका. आणि माल हाताळायचा नसतो, चढवायचा-उतरवायचा असतो. ‘चढउतार’ म्हणा. खाली सोडायचा इशारा म्हणून खलाशी ‘आरिया’ असे ओरडतात. पोर्तुगिजांच्या ‘अर्रियार’चा, म्हणजे खाली सोडण्याचा, तो अवशेष. माहितीपत्रकात त्याला जागा नाही, पण राहवले नाही म्हणून सांगितला.

तेव्हा तुमचे वाक्य मी असे लिहीन : ‘धक्क्यावर मालाची चढउतार करणारी १०० टनी फिरती क्रेन. हूक, ग्रॅब किंवा स्प्रेडर लावून ती सुटा माल, कोळसा-खत आणि कंटेनर तिन्ही उचलते.’ टनांचा आकडा तुमच्या पत्रकातला घाला आणि तो किती मीटरवरचा आहे, तेही पुढे जोडा. ‘फिरती’ हा शब्द चाकांवरच्या फिरण्याला आहे. जागच्या जागी वळण्याबद्दल स्वतंत्र ओळ असेल, तर तिथे ‘सर्व बाजूंना वळणारी’ म्हणा, म्हणजे दोन फिरण्यांची गल्लत होणार नाही.