फॉरेन्सिकचं वेड आणि घराचा उतारा

पत्र:
ताई, मी मिरजेची. बारावी सायन्सला ७८ टक्के. पुण्याजवळच्या एका प्रायव्हेट युनिव्हर्सिटीत फॉरेन्सिक सायन्सच्या पाच वर्षांच्या इंटिग्रेटेड कोर्सला सीट मिळालीये. फी, होस्टेल, मेस सगळं धरून वर्षाला २ लाख ४० हजार, म्हणजे एकूण १२ लाख. बँकवाले म्हणतात साडेसात लाखांच्या वर तारण लागेल. बाबांची पिठाची गिरणी आहे, तारण म्हणजे आमचं राहतं घरच. बाबा नाही म्हणत नाहीत, 'तू ठरव' म्हणतात. काका म्हणतात सांगलीला साधं बीएस्सी केमिस्ट्री कर, गपगुमान. पण मला सहावीपासून हेच करायचंय. परवा रात्री बाबा आईला विचारत होते, घराचा उतारा कुठे ठेवलाय. मी झोपल्याचं सोंग केलं. महिनाअखेरीला ५० हजार भरून सीट पक्की करायचीये. काय करू?

उत्तर:
अगं, ते 'झोपल्याचं सोंग केलं' वाचलं आणि चहा तसाच राहिला माझा. त्याच्याकडे येते, पण आधी तुझ्या काकांशी थोडं भांडते.

तुझं वेड टीव्ही बघून लागलं असेल तर असू दे, कुणाला कशावरून काय लागतं ते लागतं, पण क्षेत्र काही हवेतलं नाहीये. १ जुलै २०२४ पासून नवीन फौजदारी कायदे लागू झाले, त्यातल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ (३) मध्ये लिहिलंय की सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेचा गुन्हा असेल तर फॉरेन्सिकच्या माणसाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करायचे. राज्यांना हे अंमलात आणायला पाच वर्षांची मुदत दिलीये. म्हणजे माणसं लागणार, हे नक्की. काकांना हे वाचून दाखव.

आता तुझी बाजू घेऊन झाली, आता तुझ्याशी भांडते.

ही माणसं घेणार कोण? तर मुख्यतः सरकार, आपल्याकडे गृहखात्याखालच्या न्यायसहायक, म्हणजे फॉरेन्सिकच्याच, प्रयोगशाळा. मुख्य मुंबईत कलिन्याला, आणि नागपूर, पुणे, नाशिक, संभाजीनगर, अमरावती, नांदेड, तुझ्या जवळची कोल्हापूरची. मालक एकच, आणि तो कधी भरती काढेल ते त्याचं त्याला माहीत. जाहिरात, परीक्षा, निकाल, मग कागदपत्रं, मग कुणीतरी कोर्टात गेलं म्हणून स्टे, हे सगळं आपल्या घराघरात एमपीएससी करणाऱ्या पोरांनी बघितलंय. कंत्राटी पदं मध्ये मध्ये निघतात पण ती कंत्राटी. बँकेचा हप्ता मात्र जाहिरात निघो न निघो, पाच तारखेला जाणारच.

आणि एक गोष्ट, जी तुला त्या युनिव्हर्सिटीच्या चकचकीत ब्रोशरमध्ये सापडायची नाही. पोलिसांच्या, वकिलांच्या तोंडात एक शब्द असतो, 'सीए रिपोर्ट आला का?' हा सीए म्हणजे चार्टर्ड अकाउंटंट नव्हे गं, केमिकल अॅनालायझर. हा सगळा डोलारा मुळात सरकारी रासायनिक विश्लेषकाच्या लॅबमधून उभा राहिलाय. पेपरात वाचतेस ना 'व्हिसेरा राखून ठेवला', तो व्हिसेरा (मृतदेहातले तपासणीला ठेवलेले अवयव), ड्रंक अँड ड्राइव्हमध्ये पकडलेल्यांच्या रक्ताच्या बाटल्या, हातभट्टीच्या दारूचे सॅम्पल, विषाच्या केसेस, रोजचं काम हे. गोळीची दिशा बघणारे, डीएनएवाले, सायबरवाले पण आहेत, नाही असं नाही, पण कणा केमिस्ट्री. आधीच्या भरतीच्या जाहिराती शोधून काढ आणि त्यातला 'शैक्षणिक अर्हता' हा रकाना पदानुसार वाच. सहायक रासायनिक विश्लेषक हे पदाचं नावच काय सांगतंय बघ. काकांनी जे 'साधं' म्हणून तोंड वाकडं करून सांगितलं ते या धंद्यात साधं नाहीये. काका चुकून बरोबर बोलले.

आता पैसे. मी वही घेऊन बसले होते, बँक १०.५ टक्के लावेल असं धरून. वर्षाला २ लाख ४० हजार असे पाच वर्षं उचललेस, कोर्सची पाच आणि पुढचं एक वर्ष हप्ता नाही, मोरॅटोरियम म्हणतात त्याला, सगळ्यांना वाटतं तेव्हा व्याज पण नाही. व्याज पहिल्या दिवसापासून चालू असतं बाई! सरळव्याजाने धरलं तरी त्या सहा वर्षांत ५ लाखांच्या वर साठतं, म्हणजे पहिला हप्ता सुरू व्हायच्या दिवशी तुझ्या डोक्यावर १२ नाही, १७ लाख. दहा वर्षांत फेडायचे तर महिना २३ हजार, पंधरा वर्षांत फेडायचे तर साधारण १८ हजार ८००, आणि मग शेवटी मोजलंस तर ३४ लाखांच्या आसपास भरलेले असतील. मिरजेतल्या त्या घराचे किती येतील ते तूच बघ.

२३ हजार हप्ता भरून खाली हातात काही उरावं असा पगार पहिल्या वर्षी देणारी नोकरी कुठली, हे त्या युनिव्हर्सिटीला विचार. प्लेसमेंटच्या पानावर कंपन्यांचे लोगो असतात, लोगोंना पगार नसतो. सरळ म्हण की मागच्या दोन बॅचची मुलं आज कुठे आहेत, त्यातल्या पाचजणांशी मला बोलायचंय. चांगली जागा असेल तर देतील नंबर. कौन्सेलर म्हणून जी ताई रोज तीनदा फोन करते ना, ती टाळाटाळ करायला लागली तर तेवढ्यावरून समज.

(आणि 'मुलींना आता फी माफ आहे' असं कुणी सांगितलं असेल तर, २०२४-२५ पासूनची ती सवलत ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींना, आणि ती व्यावसायिक कोर्सला, प्रायव्हेट युनिव्हर्सिटी त्यातून वगळल्यात. पीएम विद्यालक्ष्मी या केंद्राच्या शैक्षणिक कर्जाच्या योजनेतलं व्याजाचं अनुदान पण यादीतल्या संस्थांनाच, तुझी संस्था त्या यादीत आहे का हे पोर्टलवर बघ, कौन्सेलरच्या तोंडावर विश्वास ठेवू नकोस.)

मी काय करेन सांगते. बीएस्सी केमिस्ट्री सांगलीला, घरून ये-जा, आणि फॉरेन्सिक एमएस्सीला. बीएस्सी केमिस्ट्रीवाल्यांना फॉरेन्सिकच्या एमएस्सीचं दार उघडं असतं. मुंबई, नागपूर, संभाजीनगरला सरकारी न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत, आणि गांधीनगरला केंद्राची राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान युनिव्हर्सिटी, एनएफएसयू, तिची नंतर बाकीच्या राज्यांत पण कॅम्पस निघालीयेत. खरं तर बीएस्सीलाच यातल्या एखाद्या सरकारी संस्थेत यंदा जागा मिळत असेल तर माझं हे सगळं विसर आणि बॅग भर. नसेल मिळत तर तीन वर्षं केमिस्ट्री अशी कर की प्रॅक्टिकलला तुझा हात कुणाला धरता येऊ नये, क्रोमॅटोग्राफी, स्पेक्ट्रोस्कोपी हे पदार्थ वेगळे करायच्या आणि ओळखायच्या पद्धतींचे शब्द नुसते पाठ नकोत. आणि यातला एक छुपा फायदा म्हणजे भरती रखडली तरी केमिस्ट्रीवाल्याला फार्मा कंपनीच्या क्यूसी, म्हणजे मालाचा दर्जा तपासणाऱ्या, लॅबमध्ये, पाणी तपासणाऱ्या लॅबमध्ये कुठेतरी उभं राहता येतं, नुसत्या फॉरेन्सिकच्या डिग्रीवाल्याला तिथे 'म्हणजे काय शिकलीस?' असं विचारतात. माझ्या नात्यातल्या एका पोराला विचारलेलं, खोटं सांगत नाही. बिचारा आता इन्शुरन्सचे क्लेम तपासतो, आणि त्याचे दोन हप्ते चुकले तेव्हा को-अॅप्लिकंट म्हणून वडलांचा सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर, घसरला, त्यांना स्वतःच्या दुकानासाठी लोन मिळेना. घरात वर्षभर कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं.

एमएस्सीला लोन घे, खुशाल घे. दोन वर्षांचे समज ४ लाख. ४ लाखांपर्यंत तारण मागत नाहीत, साडेसातपर्यंत पण सरकारची हमी योजना आहे, घर मध्ये येत नाही. तोच १०.५ टक्क्यांचा हिशोब लावला तर दहा वर्षांचा हप्ता ६ हजार ८०० च्या आसपास. कुठल्याही लॅबमधल्या पहिल्या नोकरीत तेवढा निघतो, नाही निघाला तर ट्यूशन घेऊन निघतो. आणि शिकत असतानाच महिन्याचं व्याज भरत गेलीस तर काही बँका दरात थोडी सूट देतात, ते पहिल्याच दिवशी विचारून घ्यायचं.

यात तुझं नुकसान काय होईल ते पण सांगते, नाहीतर म्हणशील ताई काकांच्या पार्टीत गेली. मैत्रिणी पुण्यात रील टाकतील आणि तू मिरज-सांगली बसमध्ये उभी असशील. क्राइम सीनची ती पिवळी पट्टी तीन वर्षं उशिरा दिसेल. पहिल्या सेमिस्टरला रडशील, मला माहितीये. त्यावर माझ्याकडे औषध नाही.

आता बाबा. ते 'तू ठरव' म्हणतात ना, ते मोकळीक देत नाहीयेत, त्यांच्या तोंडून 'नाही' निघत नाहीये. पोरीला नाही म्हणायला लागू नये म्हणून माणूस घर गहाण टाकायला निघालाय, आणि तू त्यांना नाही म्हणायला लागू नये म्हणून झोपेचं सोंग घेतेस, कमाल आहात दोघं. तू ठरव म्हणालेत तर ठरव, आणि ठरवलेलं त्यांना वहीवर मांडून दाखव, २३ हजार एका बाजूला, ६ हजार ८०० दुसऱ्या बाजूला. गिरणीवाल्याला आकडे कळतात, रोज मापंच करतो माणूस. फक्त 'तुमच्यासाठी मी स्वप्न सोडलं' असला चेहरा करून सांगू नकोस, ते आयुष्यभर उगाळत बसतील. 'बाबा, मला हेच करायचंय, पण रस्ता दुसरा सापडलाय' असं सांग, कारण खरं तेच आहे.

५० हजार आत्ता भरू नकोस. भरून बसली असशील तर यूजीसीचे फी परत करायचे नियम असतात, दरवर्षी तारीख जाहीर होते, ती बघ आणि लेखी अर्ज दे, फोनवर नको.

आणि आज रात्री गिरणी बंद करून आले की आधी जेवायला वाढ, मग म्हण, बाबा उतारा शोधू नका.