नवीन घरात फरशीनंतर दारं घासू नयेत म्हणून चौकटीची लेव्हल कशी धरायची?

मोजमाप स्लॅबवरून घेऊ नका, घोळ तिथेच होतो. स्लॅब एकाच खोलीत १५-२० मिमी वरखाली असतो. त्यावर चौकटी टेकवून उभ्या केल्या की फरशीनंतर एक दार घासतं आणि दुसऱ्याखाली बोटभर फट राहते.

आधी पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने (दोन्ही टोकांचं पाणी एकाच पातळीत राहतं) स्लॅबची सर्वांत उंच जागा शोधा. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर लेव्हल चुकते, तेवढं बघा. त्या उंच जागेवर १० मिमी टाइल आणि तिच्याखाली ३५ मिमी माल (सिमेंट-वाळूचा थर) धरून ४५ मिमीवर तयार फरशीची पातळी येते. तिच्या बरोबर १ मीटर वर सगळ्या खोल्यांतून, जिन्यापर्यंत, एकच रेषा मारा. चौकट, टाइल, उंबरा, सगळं या रेषेवरूनच खाली मोजायचं. प्लास्टरमध्ये ती पुसली जाते, म्हणून चौकटींवर करवतीने बारीक खूण करून ठेवा.

पल्ल्याखाली (दाराच्या फळीखाली) ५-६ मिमी फट पुरते. एका खोलीत १८ मिमी मार्बल असेल तर खालचा माल ८ मिमी कमी करा, वरची पातळी तीच.

बाथरूमचं गणित वेगळं. १:८० उताराने २.४ मीटरमध्ये ३० मिमी जातात, म्हणून दाराशी फरशी सर्वांत उंच, तरीही बाहेरच्यापेक्षा १५-२० मिमी खाली हवी. मिस्त्री बऱ्याचदा पाणी जाण्याच्या जाळीकडून सुरुवात करतो आणि दाराशी उंची उरतच नाही. मग पल्ल्याला रंधा मारत बसतात.