‘अभ्यासच झाला नव्हता’

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

‘सर, मी आळशी झालेय, इच्छाच उरली नाही,’ हे तुझं म्हणणं मला पटलेलं नाही. आळशी माणूस सकाळी सातला सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत येऊन बसत नाही. तू बसतेस, एमपीएससीच्या राज्यसेवा परीक्षेसाठी पॉलिटीच्या (राज्यव्यवस्थेच्या) त्याच नोट्स पुन्हा नव्या वहीत उतरवतेस, आणि टेस्ट सिरीजचा, म्हणजे सराव परीक्षेचा, पेपर आला की नेमकं तुझं डोकं दुखतं.

पेपर देऊन मार्क कमी पडले, तर ‘मी हुशार नाही’ हे उघड होईल अशी तुला धास्ती आहे. न देता राहिलं की ‘अभ्यासच झाला नव्हता’ म्हणायची सोय राहते. बर्ग्लास आणि जोन्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली यावर एक प्रयोग छापला. काही जणांना न सुटणारे प्रश्न दिले, तरी ‘छान सोडवलेत’ असं सांगितलं. पुढच्या चाचणीआधी दोन गोळ्यांतून एक निवडायची होती: एक डोकं चालवणारी, दुसरी मंद करणारी. आपल्याला यश का मिळालं हे ज्यांना कळलंच नव्हतं, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी मंद करणारी निवडली. आता नापास झालं तरी दोष गोळीचा! हे तिथे पुरुषांतच दिसलं. अभ्यासिकेत मला तरी तसा फरक दिसत नाही.

आणि जागा काहीशे, अर्ज लाखोंनी. तिथे यादीत नाव न येणं म्हणजे अक्कल नसणं, हे कुणी ठरवलं?

तर या रविवारी राज्यसेवा पूर्वपरीक्षेचा जुना ‘पेपर एक’ (सामान्य अध्ययनाचा) घे. शंभर प्रश्न, दोन तास, घड्याळ लावून. बसण्याआधी दहा मिनिटं मनातली भीती कागदावर लिहून काढ. काहींना याचा खरंच फायदा होतो. नंतर बेरीज करू नकोस. चुकलेले प्रश्न वेगळे काढ: माहीतच नव्हतं ते, दोन पर्यायांत अडकलीस ते, आणि घाईत ‘अयोग्य विधान ओळखा’मधलं ‘अयोग्य’ सुटलं ते. तिसरा ढीग बघून तू चकित होशील. तो हुशारीचा प्रश्नच नाही, सरावाने महिन्याभरात कमी होतो.

झोपच उडाली असेल, छातीत धडधडत असेल, तर मात्र माझ्या पत्रावर विसंबू नकोस. डॉक्टरांना दाखव, किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन कर. मराठीत बोलता येतं.

सोमवारी मला त्या तीन ढिगांचा फोटो पाठव. मार्क नकोत.

तुझा,
सर