रंगसंवाद : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी हौशी चित्रकार. गेली अनेक वर्षं वाईच्या घाटाचीच चित्रं काढते. घरचे म्हणतात, ‘आता दुसरं काहीतरी काढ.’ इंग्रज चित्रकार कॉन्स्टेबलही जन्मभर एकाच नदीकडे वळत राहिला म्हणे. त्याच्या चित्रांत तोचतोपणा कसा आला नाही?
– एक वाचक, वाई

उत्तर : ताई, घाट मुळीच सोडू नका.

जॉन कॉन्स्टेबलचा जन्म १७७६चा, सफोकमधल्या ईस्ट बर्गहोल्टचा. स्टूर नदीवर वडिलांच्या पिठाच्या पाणचक्क्या होत्या आणि पीठ वाहून नेणाऱ्या नावाही होत्या. चित्रकलेचं रीतसर शिक्षण घेण्याआधी तो स्वतः चक्कीवर काम करत होता. म्हणजे ही नदी त्याच्या घरच्या धंद्यातली. मला वाटतं, सगळं गमक इथंच आहे. निसर्गरम्य म्हणून त्यानं ती निवडलीच नव्हती.

‘फ्लॅटफर्ड मिल’ हे चित्र बघा. पुढच्या भागात, काठावरून चालत नाव ओढणाऱ्या घोड्याचा दोर सोडवला जातोय, कारण पुलाखालून नाव लांब काठीनं रेटत न्यावी लागते. ‘द लीपिंग हॉर्स’मधला घोडा उगाच उधळलेला नाही. गुरं भटकू नयेत म्हणून काठच्या वाटेवर आडवे अडसर असत आणि नावेचे घोडे ते ओलांडायला शिकवलेले असत. ‘द व्हाइट हॉर्स’मध्ये घोडाच नावेत उभा आहे, कारण तिथं वाट पलीकडच्या काठावर जाते. नदी एकच, पण प्रत्येक ठिकाणचं काम निराळं. तोचतोपणा येणार कुठून?

१८२१मध्ये मित्र जॉन फिशरला लिहिलेल्या पत्रात त्यानं आपल्या आवडीच्या गोष्टी सांगितल्या आहेत : बांधातून निसटणाऱ्या पाण्याचा आवाज, वाळुंजाची झाडं, कुजक्या फळ्या, बुळबुळीत खांब, विटांचं बांधकाम. यांनीच मला चित्रकार केलं, असं तो म्हणतो. यादीत एकही ‘देखावा’ नाही! ही यादी मी विद्यार्थ्यांना दरवर्षी वाचून दाखवतो.

त्याच वर्षीचं ‘द हे वेन’ (म्हणजे गवताची गाडी) त्यानं लंडनमध्ये बसून रंगवलं. नदीकाठची जुनी अभ्यासचित्रं हाताशी होती, तरी गवताच्या गाडीचं नेमकं रेखाटन त्यानं भावाकरवी गावाहून मागवलं. गाडी मनानं काढायची नाही, एवढा त्याचा कटाक्ष. लंडनच्या नॅशनल गॅलरीत ते चित्र बघताना मी पाण्यातल्या चाकांपाशीच बराच वेळ थांबलो होतो. १८२४मध्ये पॅरिसला या चित्रासाठी त्याला सुवर्णपदक मिळालं.

तेव्हा आता ढोल्या गणपतीचं शिखर काही दिवस बाजूला ठेवा. घाटावर कोण काय करतं ते काढा : कपडे कुठल्या पायरीवर आपटतात, ओल कुठवर चढते, पुराची गाळाची रेघ कोणत्या दगडावर राहिलीय. आणि कॉन्स्टेबल आपल्या ढगांच्या अभ्यासचित्रांमागे लिहायचा, तशी प्रत्येक कागदामागे तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहा. पावसाळ्यातले पाचसहा कागद मला पाठवा, मला खरंच बघायचे आहेत.