वाटी बदलू की हाड कापून पाय सरळ करून घेऊ?

प्रश्न : डॉक्टरसाहेब नमस्कार, मी करवीर तालुक्यातला, वय ४८, गवंडीकाम करतो. पोरवयात तालमीत होतो, बैठका लई मारल्यात. गेली तीन वर्षं उजवा गुडघा आतल्या अंगानं दुखतोय आणि पाय फेंगडा दिसायला लागलाय, बायको म्हणती मधनं मांजर जाईल. ग्रीसचं इंजेक्शन घेतलं, दोन-तीन महिने बरं वाटलं, परत तेच. एका दवाखान्यात डायरेक्ट वाटी बदला म्हणाले, दुसरीकडं म्हणाले वाटी नको, नडगीचं हाड कापून पाय सरळ करूया. आता दुखतोय गुडघा आणि कापायचं खालचं चांगलं हाड, हे काय डोक्यात बसंना. नंतर खाली बसता येईल का, परांचीवर कधी चढता येईल? आणि आईचे (वय ७१) पण दोन्ही गुडघे गेलेत, तिचं पण ह्यातच होईल का?
– एक वाचक, करवीर

उत्तर : तुम्ही गवंडी आहात म्हणजे माझं निम्मं काम झालं. एक दोरी घ्या असं समजा, तिचं एक टोक खुब्याच्या सांध्याच्या मध्यावर आणि दुसरं घोट्याच्या मध्यावर ताणून धरलं तर सरळ पायात ती दोरी गुडघ्याच्या साधारण मधनं जाते. फेंगड्या पायात ती आत सरकते, कधीकधी तर गुडघा सोडून पार आतल्या अंगाला पडते. म्हणजे चालताना सगळा बोजा गुडघ्याच्या आतल्या निम्म्या भागावर, तिथली गादी झिजते, झिजली की पाय अजून वाकतो आणि वाकला की अजून झिजते. बाहेरचा निम्मा भाग मात्र बऱ्याचदा चांगला असतो, बिनकामाचा बसून असतो बिचारा. इंजेक्शननं दुखणं काही दिवस दबतं, पण ग्रीस घालून भिंत ओळंब्यात येते होय?

म्हणून हाड कापायचं. दुखतंय गुडघ्यात पण तुमच्यासारख्या पायात वाक बहुतेक वेळा सांध्याच्या खाली, नडगीच्या वरच्या टोकात असतो. तिथं आतल्या बाजूनं तिरका काप घेतात, पण आरपार नाही, बाहेरच्या बाजूचं साधारण एक सेंटीमीटर हाड बिजागरीसारखं राखून ठेवतात. मग काप हळूहळू उघडायचा, सावकाश, घाई केली तर बिजागरी तडकते. फट किती, तर बऱ्याचदा १० मिलिमीटरच्या आसपास, तुमच्या करंगळीएवढी म्हणा. वर प्लेट आणि स्क्रू, आणि त्या फटीत पुढं हाड आपोआप भरतं, फट मोठी असेल तर थोडं हाड घालतात. ह्याला हाय टिबियल ऑस्टिओटॉमी किंवा नुसतं एचटीओ म्हणतात. दोरी कुठं आणायची त्याचंही माप आहे, जपानच्या डॉक्टर फुजिसावांनी १९७९ मध्ये लिहिलं तेव्हापासून गुडघ्याच्या रुंदीत आतल्या कडेपासून सुमारे ६२ टक्क्यांवर, म्हणजे मध्याच्या जरा बाहेर, अशी खूण बरेच सर्जन धरतात. हल्ली काहीजण त्याच्या थोडं अलीकडं थांबतात.

हे माप गुडघ्याच्या नुसत्या एक्सरेवर निघत नाही. खुब्यापासून घोट्यापर्यंतचा, उभं करून काढलेला लांब एक्सरे लागतो. पत्रात त्याचा उल्लेख नाही, तो न बघता कोणी ऑपरेशनची तारीख देत असेल तर जरा थांबा.

तुमच्या वयात, अंगमेहनतीचं काम असताना, झीज एकाच बाजूला असेल आणि गुडघा चांगला वाकत असेल तर मी आधी एचटीओचाच विचार करीन. बदललेली वाटी, म्हणजे बसवलेला कृत्रिम सांधा, परांचीवर, पोती उचलण्यात लवकर झिजू शकते आणि ४८ व्या वर्षी बदलली तर हयातीत दुसऱ्यांदा बदलायची वेळ येऊ शकते, ते ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड. इथं गुडघा तुमचाच राहतो. आधी जेवढं खाली बसता येत होतं तेवढं बऱ्याच जणांना नंतरही जमतं, पण लिहून देणार नाही. दुखणं शंभर टक्के जात नाही. पण पुष्कळांची वाटी बदलायची वेळ दहा वर्षं किंवा जास्त पुढं जाते, आणि पुढं बदलायची ठरली तर तो रस्ता बंद होत नाही.

आता न आवडणारं बोलतो. साधारण सहा आठवडे कुबड्या, पाय किती टेकवायचा ते सर्जन सांगतील तेवढाच. गुडघा वाकवायचे व्यायाम मात्र पहिल्या दोन-चार दिवसांतच चालू. हाड नीट जुळायला तीन ते सहा महिने, त्यामुळं परांची सहा महिने विसरा, त्याआधी एक्सरे बघूनच. जंतू लागणं, पायाच्या शिरेत गुठळी होणं, हाड न जुळणं, माप कमी-जास्त होणं असे धोके आहेत, कमी असले तरी आहेत. प्लेट टोचत असेल तर वर्ष-दीड वर्षानं काढतात.

आणि खिशात मावा आहे का? पत्रात नाही लिहिलंत, पण बांधकामावर निम्म्या लोकांच्या गालात असतो म्हणून विचारतो. तंबाखू असो की बिडी, निकोटिननं हाड जुळायचं लांबतं, कधी जुळतच नाही. ऑपरेशनच्या निदान महिनाभर आधी बंद आणि जुळेपर्यंत बंदच. ते जमणार नसेल तर ऑपरेशन पण नको, मी तरी करणार नाही. वजन जास्त असेल तर तेही बघा, एक किलो उतरलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोनं कमी होतो. खर्च सरकारी आरोग्य योजनेत बसतो का ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारून ठेवा.

आईंचं ह्यात नका धरू. ७१ व्या वर्षी दोन्ही गुडघे गेलेत म्हणता म्हणजे झीज बहुतेक दोन्ही बाजूंना पसरली असणार, मग एका बाजूचा भार दुसरीकडं ढकलून काय उपयोग, दुसरी बाजू पण तशीच. शिवाय त्या वयात सहा आठवडे कुबड्यांवर राहणं सोपं नाही. त्यांना आधी मांडीच्या पुढच्या स्नायूचे व्यायाम, हातात काठी (जास्त दुखणाऱ्या गुडघ्याच्या उलट्या हातात, बरेच लोक चुकीच्या हातात धरतात) आणि संडासात खुर्ची. तेवढ्यानं भागलं नाही आणि रात्री झोप मोडायला लागली तर त्यांच्या बाबतीत वाटी बदला म्हणणारे डॉक्टर बरोबर असतील.